रक्तातला आयएल-६ आणि टाचेवरचा डाग

'डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यात शाळेत शिकवते. माझे बाबा ६६ वर्षांचे. तरुणपणी रापणीला जायचे, आता थोडी कलमं आहेत ती बघतात. पायात वहाण घालतील तर शपथ. त्यांच्या डाव्या टाचेवर दोन वर्षांपासून काळा डाग आहे. आधी मसुराएवढा होता, आता रुपयाच्या नाण्याएवढा झालाय. हल्ली कधी कधी लादीवर त्याचा ओलसर ठसा उमटतो. आत्या म्हणते, काटा मोडून कुरूप झालंय. दोनदा बिब्बा लावून झाला. गणपतीत भाऊ मुंबईहून आला, त्याने घरातल्या सगळ्यांच्या रक्तासाठी पॅकेज घेतलं. त्यात आयएल-६ नावाच्या प्रथिनाचा बाबांचा आकडा १४ आला, खाली लाल रेघ. भावाने वाचलंय की अशी प्रथिनं रक्तात वाढली तर मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, असू शकतो. आता तो बारा प्रथिनांची मोठी तपासणी करूया म्हणतोय, साडेनऊ हजारांची. करावी का? आयएल-६ उतरवायला हळदीच्या गोळ्या चालतील का? आणि बाबा म्हणतात, "रगात दिलंय मां, आता पायाक कित्याक हात लावतास?" त्यांना काय सांगू?'

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना माझी नजर त्या १४ वर थांबलीच नाही. थांबली ती 'मसुराएवढा होता, रुपयाएवढा झालाय' इथे, आणि मग लादीवरच्या ओलसर ठशावर. ६६ वर्षांच्या माणसाच्या तळपायावर नवा काळा डाग येतो, दोन वर्षांत एवढा पसरतो आणि आता पाझरायला लागतो, हे ऐकल्यावर त्वचेच्या कुठल्याही डॉक्टरला रक्ताचा प्रश्न सुचत नाही. पाय दाखवा, एवढंच सुचतं. म्हणून कामाचं आधी लिहून टाकते. येत्या आठवड्यात बाबांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. बिब्बा आजपासून बंद. साडेनऊ हजार वाचवा, गाडीभाड्याला लागतील. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल.

डाग मेलॅनोमाच आहे असं मी म्हणत नाही. न बघता ते म्हणताच येत नाही. कुरूप असेल, आत साकळलेलं रक्त असेल, बिब्ब्याने भाजून कातडी काळी पडली असेल, अगदी साधा तीळही असेल. आपल्याकडे मेलॅनोमा दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एकाहूनही कमी लोकांना होतो. पण जेव्हा होतो तेव्हा गोऱ्या लोकांसारखा पाठीवर किंवा पोटरीवर कमी दिसतो. आपल्या कातडीच्या माणसांत तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली सापडतो. त्याचं उन्हाशी फारसं नातं नाही, त्यामुळे 'जन्म उन्हात गेला, तेव्हा काही झालं नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही. जिथे कुणी बघत नाही अशा जागी तो वाढतो. टाच कोण उलटून बघतं?

आता भावाकडे वळते. त्याने जे वाचलं ते खोटं नाही, फक्त त्याचा अर्थ त्याने उलट्या बाजूने लावला.

आयएल-६ हे नाव आपल्या घरांत शिरलं ते कोविडात. २०२१ च्या लाटेत 'ऑक्सिजन किती' याच्या खालोखाल 'आयएल-६ किती आला' हाच प्रश्न असायचा, आणि टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते. ते इंजेक्शन आयएल-६ चीच वाट अडवतं. 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द तेव्हा रिक्षावाल्यांनाही पाठ झाला होता. तेव्हापासून या आकड्याची जी धास्ती बसलीय ती अजून उतरलेली नाही, आणि तपासण्यांची पॅकेजं विकणाऱ्यांना ते बरोबर कळतं.

सायटोकाइन म्हणजे शरीरातल्या पेशींनी एकमेकींना घातलेल्या हाका. हाक म्हणजे एक बारीकसं प्रथिन. एका पेशीने ते सोडायचं आणि दुसरीने आपल्या अंगावरच्या खाचेत झेलायचं, की तिला कळतं काय करायचं ते. 'इकडे या', 'वाढा', 'आता थांबा', 'ताप चढवा' असे निरनिराळे निरोप असतात. आयएल-६ ही त्यातली एक हाक, आयएल-८ दुसरी, इंटरफेरॉन गॅमा तिसरी, अशा डझनावारी आहेत. बाबांना समजवायचं तर त्यांच्याच रापणीतलं सांगा. जाळं किनाऱ्याला लागायला आलं की आरोळी उठते आणि अर्धं गाव वाळूवर धावतं. आरोळीवरून काहीतरी चाललंय एवढं कळतं. बांगडा लागला, तारली लागली की नुसती जेली फिश, हे जाळं वर आल्याशिवाय कुणाला सांगता येतं का?

शिवाय ही आरोळी किती बारीक असते ते बघा. १४ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १४ पिकोग्रॅम. ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. मी एकदा कागदावर हिशोब मांडला होता. तीन मीटर रुंदीची विहीर, त्यात चार मीटर पाणी, म्हणजे साधारण अठ्ठावीस हजार लिटर. एवढ्या पाण्यात बारीक मिठाचे सहा-सात कण टाका. बाबांचा आयएल-६ तेवढा आहे. पुष्कळ लॅबच्या कागदावर ७ च्या आत असला की बरोबर धरतात, म्हणजे तीनेक कणांचा फरक. तो मोजता येतो ही यंत्राची कमाल आहे, पण एवढ्या बारीक गोष्टीला हलवायला फार काही लागत नाही.

काय काय लागतं? नुसतं वय वाढलं तरी तो थोडा वर सरकतो. साखर, सुटलेलं पोट, बिडी, किडलेल्या दाढा आणि सुजलेल्या हिरड्या यांनी वाढतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या आणि त्यात पू धरला तर वाढतो. लेप्टो, डेंग्यू, साधी सर्दीखोकल्याची साथ, सगळ्यांत वाढतो. सिंधुदुर्गात भाद्रपदात रक्त काढलं तर यातलं काहीच नसलेला माणूस शोधावा लागेल. आणि एक गंमत, दमणूक झालेले स्नायूसुद्धा आयएल-६ सोडतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये शर्यतीनंतर तो कित्येक पटींनी चढलेला दिसतो. बाबा आदल्या दिवशी कलमांखालची बेणणी करत होते का, एवढं विचारा. होते असं उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

त्यात नमुन्याचा प्रवास. रक्त नळीत काढलं की पेशी लगेच मरत नाहीत, नळीतही हाका मारत राहतात. रक्त वेळेत फिरवून वरचं पाणी वेगळं केलं नाही आणि नळी तशीच उबेला राहिली, तर काही सायटोकाइन नळीतच वाढतात, विशेषतः आयएल-८. काही उलट विरून जातात. आमच्याकडे सकाळी काढलेल्या नळ्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या दोन लाद्यांबरोबर, संध्याकाळच्या गाडीने मोठ्या शहरात जातात. घाटात गाडी अडकली की बर्फाचं पाणी होतं. हिमोग्लोबिनला त्याने फारसा धक्का लागत नाही. विहिरीतल्या मिठाचे कण मोजायचे असतील तर लागतो.

अंगात सूज, दाह आहे का एवढंच बघायचं असेल तर सीआरपी नावाची जुनी, खूप स्वस्त तपासणी आहे. आयएल-६ ची हाक यकृताला पोचली की यकृत सीआरपी बनवतं. हा माझा जुना राग आहे, पण लिहितेच: जी गोष्ट थोडक्या पैशांत कळते ती महागड्या नावाने विकली की लोकांना जास्त खरी वाटते.

मग मेलॅनोमाशी याचा संबंध काहीच नाही का? आहे. आणि तो भावाला वाटतो त्याहून रंगतदार आहे.

मेलॅनोमाच्या पेशी गप्प बसत नाहीत. त्याही हाका मारतात, आणि खोट्या मारतात. आयएल-८ सोडून त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गाठीपाशी बोलावतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात. न्यूट्रोफिलांची ही गर्दी गाठीला मारण्याऐवजी मारायला आलेल्या टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्याच वाटेत येते. आयएल-६ चं वागणं तर अजून चक्रावणारं. १९९०च्या दशकात प्रयोगशाळांत दिसलं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या मेलॅनोमा पेशींची वाढ आयएल-६ रोखतो, पण आजार पुढे सरकलेल्या पेशी त्याला जुमानत नाहीत, काही तर तो स्वतःच तयार करतात. म्हणजे तेच प्रथिन आधी राखणदार आणि नंतर फितूर. इंटरफेरॉन गॅमाचंही तसंच. तो टी-पेशींचं हत्यार आहे, त्याच्याशिवाय गाठ मरत नाही. पण तोच अंगावर पडला की गाठीच्या पेशी पीडी-एल१ नावाची ढाल पुढे करतात, आणि ती बघून टी-पेशी हात आखडता घेतात.

या हाकांचंच औषध करावं हा विचार जुना आहे. १८९१ पासून न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली रुग्णांच्या गाठींत मुद्दाम जंतू टोचत होते, कारण तापाने फणफणल्यावर काही गाठी विरताना त्यांना दिसल्या होत्या. तापामागे सायटोकाइन असतात हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. इंटरफेरॉनच सापडला १९५७ मध्ये. पुढे अमेरिकेत १९९५ मध्ये इंटरफेरॉन अल्फाला मेलॅनोमाच्या ऑपरेशननंतर देण्यासाठी परवानगी मिळाली, आणि १९९८ मध्ये पसरलेल्या मेलॅनोमासाठी आयएल-२ ला. ज्या २७० रुग्णांच्या नोंदींवर ती मिळाली त्यातल्या १६ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, ६ टक्क्यांच्या पूर्ण गेल्या, आणि त्यातले काही वर्षानुवर्षं बरे राहिले. पण डोस असा की रक्तदाब कोसळायचा, अंगात पाणी भरायचं, माणसाला जवळजवळ आयसीयूत ठेवूनच द्यावं लागायचं. विहिरीत मिठाचं पोतं ओतण्यातला प्रकार.

आता दिशा बदललीय. हाका वाढवण्यापेक्षा टी-पेशींना लागलेला ब्रेक काढायचा. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आलं, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब, आणि ज्यांच्या संशोधनावर ही औषधं उभी राहिली त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. भावाने जे वाचलं ते बहुधा इथलं असणार. ही औषधं कुणाला लागू पडतील हे आधी कळावं म्हणून रुग्णांच्या रक्तातले सायटोकाइन मोजतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं की उपचाराआधी ज्यांचा आयएल-८ चढलेला होता त्यांना या औषधांचा गुण कमी आला. आयएल-६ चढलेला असला तरी वाटचाल खडतर, असंही बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

पण हे सगळे रुग्ण कोण होते? ज्यांचा मेलॅनोमा तुकडा काढून सिद्ध झालेला, अनेकांचा अंगभर पसरलेला. तिथे प्रश्न असतो, 'हा आजार पुढे कसा वागेल?' तुमच्या भावाचा प्रश्न आहे, 'हा आजार आहे का?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. नदीला पूर आला की खाडीचं पाणी गढूळ होतं हे खरं, पण गढूळ पाणी दिसलं की पूरच आला असं कोण म्हणेल? वरच्या अंगाला कुणी म्हशी धुवत असेल.

'पण चढलेल्या आयएल-६ मुळेच मेलॅनोमा होत असेल तर?' असं भाऊ म्हणेल, कारण तशा मथळ्यांचे अभ्यासही हल्ली बरेच येतात. त्यांची युक्ती चांगली आहे. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एखादं प्रथिन थोडं जास्त असतं, कारण जनुकांचे पत्ते तसे वाटले गेलेले असतात. वाटप आजाराच्या आधी झालेलं, त्यामुळे आजाराने प्रथिन वाढलं की प्रथिनाने आजार झाला हा गुंता सुटायला मदत होते. मग लाखो लोकांच्या नोंदींत बघायचं, असे पत्ते मिळालेल्यांना मेलॅनोमा जास्त झाला का. पण या नोंदी बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत, आणि त्यांचा मेलॅनोमा बराचसा उन्हाने पोळलेल्या गोऱ्या कातडीवरचा. तळपायावरच्या मेलॅनोमाची जनुकीय कुंडलीच वेगळी. गोऱ्या कातडीवरच्यात बीआरएएफ नावाच्या जनुकातला बदल निम्म्याच्या आसपास सापडतो, तळपायावरच्यात पुष्कळ कमी. तिथला निष्कर्ष उचलून देवगडच्या टाचेवर ठेवायला मी धजणार नाही.

मोठ्या तपासणीला नाही म्हणण्यामागे साधा हिशोबही आहे. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गात करून बघा. 'नॉर्मल'ची रेघ सहसा अशी आखतात की निरोगी शंभरांतले पंच्याण्णव आत येतील. एका तपासणीत पाच जण उगाच बाहेर पडतात. अशा बारा तपासण्या एकदम केल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं, तर किमान एक तरी लाल रेघ मिळणाऱ्या निरोगी लोकांचं प्रमाण जातं ४६ टक्क्यांवर. जवळजवळ निम्मी माणसं! मग त्या रेघेसाठी पुढची तपासणी.

आणि मला त्याहून भीती आहे ती उलट निकालाची. समजा बाराच्या बारा आकडे बरोबर आले, तर काय होईल? भाऊ निश्चिंत होऊन मुंबईला जाईल, बाबा म्हणतील 'बघलंस?', आणि टाच तशीच राहील. मेलॅनोमा पातळ असतो, म्हणजे काढला की माणूस सुटतो अशा अवस्थेत असतो, तेव्हा रक्तात कसलीच चाहूल लागत नाही. एलडीएच नावाच्या ज्या तपासणीला मेलॅनोमाच्या टप्प्यांच्या वर्गवारीत अधिकृत जागा आहे, तीसुद्धा आजार दूरवर पसरल्यावरच विचारात घेतात. आयएल-६ ला तर त्या वर्गवारीत स्थानच नाही.

हळदीच्या गोळ्यांचं थोडक्यात. आमटीतली हळद चालू द्या, सोलकढीही. गोळ्यांतल्या करक्युमिनचा फार थोडा भाग रक्तात उतरतो, म्हणून हल्ली तो जास्त शोषला जावा अशा गोळ्या काढतात, आणि अशांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आयएल-६ उतरवून मेलॅनोमा टळतो असं कुणी दाखवलेलं नाही. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर हा नाद मुळीच नको.

आता टाच.

तळपायाची कातडी भिंगातून बघितली तर ती सरी-वरंब्यासारखी दिसते. बोटाच्या ठशात असतात तशाच बारीक समांतर रेघा. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत बसतो, बारीक रेषा ओढल्यासारखा. रंग वरंब्यावर चढून जाड पट्ट्यांत पसरलेला दिसला की आम्ही सावध होतो. जपानी डॉक्टरांनी हा फरक बारकाईने मांडला, कारण त्यांच्याकडेही मेलॅनोमा तळपायावरच जास्त. हे बघायला डर्मोस्कोप नावाचं हातात मावणारं भिंग लागतं, दोन मिनिटं लागतात, आणि दुखत नाही. कुरूप असेल तर वरची घट्ट कातडी ब्लेडने हलके तासली की आत काचेसारखा खडा दिसतो. साकळलेलं रक्त असेल तर तासताना निघून येतं. दोन्ही न होता काळेपणा आत खोल जात असेल, तर तुकडा काढायचा.

बिब्ब्याने इथे घोळ होतो. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, काळी करतं, फोड आणतं. मग खालचा डाग कुठला आणि वरचा डाग कुठला हे भिंगालाही नीट कळत नाही. माझ्याकडे मासे विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, तळव्याला बिब्बा, वर चुना, वर विड्याचं पान. सगळं सुटून कातडी पूर्ववत व्हायला तीन आठवडे थांबावं लागलं. त्यांचं निघालं कुरूपच, पण ते तीन आठवडे मला झोप लागली नव्हती.

झोप न लागण्याचं कारण त्याआधीचं आहे. मी नवी असताना एका माणसाच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं होतं. नारळ पडला होता म्हणाला. मी बघितलं, म्हटलं रक्त आहे, नखाबरोबर वाढून निघून जाईल. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेव्हा त्यालाही ते पटलं. तो वर्षाने आला तेव्हा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला होता. नारळ पडला होता हे खरंच होतं, पण नख त्याआधीपासून काळं होतं का हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी नखावर काळेपणाच्या मागच्या कडेला ब्लेडने बारीक खूण करते आणि दीड महिन्याने बोलावते. रक्त असेल तर खुणेबरोबर पुढे सरकतं. जागचं हललं नाही तर थांबायचं नाही.

म्हणून आत्याच्या काट्याबद्दल: काटा मोडला असेलही. अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत काटा कधी मोडत नाही? बॉब मार्ली या जमैकन गायकाच्या अंगठ्याचा डागही आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचं कळलं आणि १९८१ मध्ये तो गेला, ३६ व्या वर्षी. इजा झालेली आठवते म्हणून डाग इजेचाच, असं होत नाही.

तुकडा काढायची वेळ आली तर घरात कुणीतरी म्हणणारच, 'सुरी लागली की पसरतो'. हे मी दर महिन्याला ऐकते. तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पसरतो तो न काढल्याने. टाच बधिर करून सर्वांत काळ्या किंवा जाड भागातून तुकडा घेतात. तो लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जायला हवा, सलाइनमध्ये नाही. पॅथॉलॉजिस्ट त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतो. ॲलेक्झांडर ब्रेस्लॉ यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलॅनोमा किती खोल गेलाय यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं. १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतीची १ सेंटिमीटर कातडी घेऊन काढतात आणि बहुतेक माणसं बरी होतात. २ च्या वर गेला तर कड २ सेंटिमीटरची, आणि त्याआधी १ मिलिमीटरच्या आसपासच जांघेतली पहिली गाठ, म्हणजे टाचेकडून आजार आधी पोचतो ती लसिकाग्रंथी, तपासायचा विचार सुरू होतो. भावाला आकडाच हवा असेल तर तो हा. पिकोग्रॅममधला नव्हे, मिलिमीटरमधला.

कुठे न्यायचं? कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत त्वचेचे डॉक्टर आहेत, ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुकड्यात काही निघालंच तर आपली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात किंवा मुंबईत परळला टाटाला. तेव्हा रिपोर्टचा कागद पुरत नाही. तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो ठोकळा आणि काचा लॅबमधून मागून घ्या, मोठ्या ठिकाणी त्या पुन्हा बघतात. हे न कळल्याने लोक परळहून रिकाम्या हाताने परत आलेले मी बघितलेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, महात्मा फुले योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा असतो. पण हे सगळं पुढचं, आणि लागणारही नाही कदाचित.

बाबांना काय सांगायचं? 'कॅन्सर' शब्दाने सुरुवात करू नका. 'रक्तात काहीतरी आलंय' असंही नको, कारण मग ते म्हणतील, रक्ताचं औषध द्या. त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच आहे: रक्त दिलं, आकडा आला, आता पाय कशाला? त्यांना सांगा, 'बाबा, आरोळी ऐकून आपण घरात बसत नाही, जाळं बघायला जातो.' आणि मोहोराचं सांगा. आत्ता दाखवलं, तुकडा काढावा लागला, तर तळपायाचे टाके साधारण दोन आठवडे ठेवावे लागतात. तेवढे दिवस टाच टेकायची नाही. म्हणजे पहिली फवारणी येईपर्यंत ते पुन्हा कलमांखाली उभे असतील. ऐन मोहोरात टाच चिघळली तर त्यांना कुणी बागेत जाऊ देणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

एक काम आज संध्याकाळीच करा. बाबांना पडवीत उजेडात पालथं झोपवा, टाच साबणाने धुवा, डागाशेजारी रुपया ठेवून फोटो काढा. दुसरी टाच, बोटांच्या बेचक्या, सगळी नखं आणि तळहातही बघून घ्या. डॉक्टरांकडे नेताना पायाला तेल, मलम, पावडर काही लावू नका. फोटो दाखवा, कधीपासून आणि किती वाढला ते सांगा, बिब्बा कधी लावला ते लपवू नका. आयएल-६ चा कागद घरी राहिला तरी चालेल.